अनुक्रमणिकेतलं नाव

२०११ सालच्या जानेवारीतली गोष्ट. शाळेचा वार्षिकांक छापून आला होता. मी संपादक मंडळात होतो, म्हणून गठ्ठे सोडून वर्गावर्गात अंक वाटायचं काम माझ्याकडे आलं. मुलं अंक हातात घेतल्यावर काय करतात, हे त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट पाहिलं. मुखपृष्ठावर कुणीच थांबलं नाही. त्यावर संस्थेची इमारत होती, वरच्या कोपऱ्यात संस्थापकांचा फोटो आणि खाली उगवता सूर्य. मुलांनी ते पान उलटलं, जाहिरात उलटली आणि प्रत्येकाचं बोट अनुक्रमणिकेवर गेलं.

सातवीतला एक मुलगा बोट वरून खाली नेत होता, पुन्हा वर आणत होता. शेवटी माझ्याजवळ येऊन म्हणाला, "सर, मेरा नाम फेरिस्त में नै है."

मी म्हटलं, "असं कसं? तुझी कविता आहे ना आत?" कविता होती, त्रेचाळीसाव्या पानावर. पण अनुक्रमणिकेत शुभेच्छा संदेश, अध्यक्षीय मनोगत, सचिवांचं मनोगत, मुख्याध्यापकांचं निवेदन, अहवाल, शिक्षकांचे लेख अशा सतरा नोंदी होत्या आणि सगळ्यात खाली एक ओळ होती : 'विद्यार्थ्यांचे साहित्य, ३५ ते ६४'. चौसष्ट पानांच्या अंकातली तीस पानं मुलांनी लिहिलेली आणि यादीत त्यांच्या वाट्याला एक ओळ, तीही नावाशिवाय. ती अनुक्रमणिका मी स्वतः तपासली होती. शुद्धलेखन तपासलं होतं, पाहुण्यांच्या पदव्या तपासल्या होत्या. हे मात्र माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मी खिशातला पेन काढला आणि त्याच्या अंकात, त्या ओळीखाली, त्याचं नाव आणि पान क्रमांक ४३ लिहून दिला. तो खूश होऊन गेला. पाच मिनिटांत माझ्या टेबलापुढे रांग लागली.

त्या रांगेनं मला जे शिकवलं, तेच या लेखात मांडायचं आहे. मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका या दोन गोष्टी आपण शेवटच्या दिवशी डीटीपीवाल्यावर सोडतो. 'काहीतरी चांगलं टाका' एवढं सांगून मोकळे होतो. पण अंक कुणाचा आहे आणि कुणासाठी आहे, हे याच दोन पानांवर ठरतं. आत मुलांनी कितीही सुंदर लिहिलेलं असो, ही दोन पानं साहेबांसाठी असली तर तो अंक साहेबांचाच होतो.

आपल्याकडचे बहुतेक शालेय वार्षिकांक काढून बघा. तो स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावर प्रकाशित होणार असतो, म्हणून मुखपृष्ठ व्यासपीठावरून फोटोत चांगलं दिसावं असं केलेलं असतं. संदेश मिळवण्यात दोन महिने जातात, म्हणून संदेश आधी. जाहिरातदार नाराज होऊ नये, म्हणून जाहिरात त्याच्या आधी. यात कुणाचा दुष्टपणा नसतो, आपण सगळे सवयीनं करतो. पण वाचक म्हणून डोळ्यांपुढे मूल नसतं. ते अंक घरी नेतं, स्वतःचं पान आईला दाखवतं आणि नंतर त्याच अंकाचा कागद भेळीला किंवा वहीच्या कव्हराला जातो. मग आपणच म्हणतो, मुलं वाचत नाहीत.

याच महाराष्ट्रात दुसरं उदाहरण आहे आणि ते आपण सगळे बीएडला शिकलो आहोत. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. तिथे त्यांनी मुलांसाठी 'छात्रालय' हे हस्तलिखित दैनिक चालवलं. स्वतःच्या हातानं लिहायचे. मग १९२८ मध्ये 'विद्यार्थी' नावाचं मासिक सुरू केलं. परीक्षेत आपण हे दोन गुणांसाठी लिहितो आणि पुढे जातो. पण विचार करा, त्या हस्तलिखिताचा वाचक कोण होता? ज्यांची नावं, ज्यांची आजारपणं, ज्यांच्या घरची पत्रं गुरुजींना माहीत होती, ती मुलं. वाचक इतका जवळून माहीत असला की काय लिहायचं आणि ते कसं मांडायचं, हे वेगळं शिकावं लागत नाही.

उर्दूतही अशी परंपरा आहे. जामिया मिल्लियानं १९२६ मध्ये 'पयाम-ए-तालीम' सुरू केलं, ते पुढे मुलांचं मासिक म्हणून ओळखलं गेलं. आमच्या पिढीतल्या अनेक उर्दू शिक्षकांनी लहानपणी दिल्लीच्या 'खिलौना'चे जुने, फाटके अंक वाचलेत. आणि मराठीत बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतं आहे. त्याचे जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुले केलेत. मी आता दरवर्षी नववीच्या मुलांना त्यातली दहा-बारा मुखपृष्ठं दाखवतो आणि एकच प्रश्न विचारतो : हे बघून आत काय असेल असं वाटतं? मुलं बरोबर सांगतात. मग आमच्या शाळेचा जुना अंक दाखवतो. वर्ग हसतो. "सर, इसमें बिल्डिंग हय."

आता आमच्या अडचणीकडे येतो, कारण ती थोडी वेगळी आहे. मी जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी उर्दू आणि मराठी शिकवतो. एकाच आवारात दोन माध्यमं. सकाळची प्रार्थना एकत्र, खिचडी एकत्र, मैदान एकत्र. अंक मात्र दोन लिप्यांचा. मराठी डावीकडून उजवीकडे, उर्दू उजवीकडून डावीकडे. मग अंक उघडायचा कुठून?

याचं ठरलेलं उत्तर म्हणजे दोन मुखपृष्ठं. एका बाजूनं मराठी, पालटून धरला की दुसऱ्या बाजूनं उर्दू, आणि दोन्ही भाग मध्ये येऊन भिडतात. अनेक वर्षं मलाही यात न्याय वाटायचा. कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. मराठवाड्यासारख्या प्रदेशात तर हे फार शोभून दिसतं. १९४८ पर्यंत इथली माध्यमिक शाळा आणि कचेरी मुख्यतः उर्दूतून चालायची. आमच्या गावात धोतर-टोपीतले म्हातारे उर्दू वर्तमानपत्र वाचताना मी लहानपणी पाहिलेत. त्यांच्या शेताचे जुने कागद उर्दूत, खटला मराठीत. दोन बाजूंनी उघडणारा अंक म्हणजे त्या वारशाचं चित्रच, असं मी एका भाषणात म्हणालोही होतो.

पण मुलं काय करतात हे पाहिल्यावर माझं मत बदललं. उर्दूचं मूल उर्दूकडून उघडतं, मधल्या पानापर्यंत येतं आणि थांबतं. मराठीचं मूल मराठीकडून येतं आणि थांबतं. तो एक अंक नसतोच. पाठीला पाठ लावून शिवलेले दोन अंक असतात. अनुक्रमणिकाही दोन, त्यामुळे पलीकडे कुणी काय लिहिलंय याचा पत्ता नाही. मुखपृष्ठांचं तर विचारू नका. उर्दूच्या बाजूला घुमट, चाँद आणि गुलाब. मराठीच्या बाजूला तुतारी, किल्ला आणि समई. मला घुमटाचंही वावडं नाही आणि किल्ल्याचंही नाही. पण आमच्या एकाही मुलानं घुमटावर किंवा किल्ल्यावर लिहिलेलं नव्हतं. त्यांनी लिहिलं होतं पाण्याच्या टँकरवर, मोसंबीच्या बागेत विकतच्या पाण्यानं झाडं जगवण्यावर, स्टीलच्या कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्या भावावर. मोठ्यांनी ठरवलेली ओळख मुखपृष्ठावर आणि मुलांचं जगणं आत, असा तो प्रकार होता.

२०१८ साली मी हे सगळं मंडळापुढे मांडलं. एक मुखपृष्ठ, एक अनुक्रमणिका. नाव आधी ठरवायचं होतं. मराठीच्या मुलांनी 'दप्तर' सुचवलं. उर्दूची मुलं हसली : "दफ्तर में तो साहब लोग बैठते, सर." एकच फारसी शब्द, मराठीत आला आणि पाठीवर बसला, उर्दूत कचेरीच राहिला. मग कुणीतरी म्हणालं, 'हजेरी'. उर्दूत हाजिरी, मराठीत हजेरी, अर्थ तोच. रोज सकाळी दोन्ही वर्गांत होते तीच. मला ते नाव फार आवडलं.

मुखपृष्ठ नववीतल्या एका मुलीनं काढलं. तिचं नाव इथे लिहीत नाही, कारण तिला विचारलेलं नाही. मुली ज्या मानव विकासच्या निळ्या बसनं खेड्यांतून येतात, त्या बसचं आतलं चित्र होतं. शेवटच्या बाकावरून दिसतं तसं. पाठमोरी डोकी. काहींना रिबिनीच्या वेण्या, काहींना ओढणी, एका मुलीनं खिडकीला डोकं टेकवून डोळे मिटलेले असावेत असं वाटत होतं. समोरच्या काचेतून शाळेचं फाटक.

आक्षेप दोन्ही बाजूंनी आले. आमच्यातले एक बुजुर्ग पालक म्हणाले, "जानदारची तसवीर शाळेच्या अंकावर कशाला?" एक सहकारी बाजूला घेऊन म्हणाले, "सर, चार मुलींच्या डोक्यावर ओढणी दाखवलीय. सध्याच्या दिवसांत लोक नाही तो अर्थ काढतील." मी त्या मुलीला बोलावलं. ती सरळ म्हणाली, "बस में चेहरे दिखतेच नै सर, पीठच दिखती. और जितनी बैठतीं उतनीच निकाली मैं." पालकांना चेहरे नाहीत हे पटलं. सहकाऱ्यांनी त्या सकाळी बस आल्यावर खरंच डोकी मोजली आणि परत काही बोलले नाहीत. पण वरून प्रश्न आला : "यात संस्था कुठे आहे?" फाटक दाखवलं. पुरलं नाही. छापील अंक नेहमीसारखा इमारतीचाच निघाला. आम्हाला हस्तलिखित काढायची परवानगी मिळाली. खर्च आमचा आम्ही. मी म्हटलं, चालेल. बत्तीस पानं, चाळीस झेरॉक्स प्रती, मुखपृष्ठ रंगीत.

आता अनुक्रमणिका. हा भाग मी जरा सविस्तर सांगतो, कारण दोन लिप्यांच्या शाळांतल्या शिक्षकांना तो उपयोगी पडेल.

मराठी अनुक्रमणिकेत शीर्षक डावीकडे, पान क्रमांक उजवीकडे. उर्दूत शीर्षक उजवीकडे, क्रमांक डावीकडे. दोन्ही शेजारी ठेवल्या की क्रमांक आपोआप मध्ये येतात. मग दोन रकाने कशाला? आम्ही मध्ये क्रमांकांचा एकच उभा रकाना केला. डावीकडे मराठीत मुलाचं नाव आणि शीर्षक, उजवीकडे तेच उर्दूत, मध्ये एक आकडा. प्रत्येक मुलाचं नाव दोन्ही लिप्यांत. आकडे कोणते वापरायचे यावर थोडी चर्चा झाली. शेवटी मोबाइलवर दिसतात ते घेतले. त्यांना आपण इंग्रजी म्हणतो. ते हिंदुस्थानात जन्मले, अरबांकडून युरोपात गेले, तेव्हा त्यांच्यावर कुणाचीच एकट्याची मालकी नाही, हेही मुलांना सांगून झालं.

बांधणीचा प्रश्न उरलाच. अंक एकाच बाजूनं शिवला जाणार. त्या वर्षी डावीकडून बांधला. डाव्या बांधणीत उर्दू लेख दोन पानांवर गेला की आधी उजवं पान, मग डावं, असं उलटं वाचावं लागतं. म्हणून नियम केला : उर्दूचा प्रत्येक मजकूर एका पानातच संपला पाहिजे. यात उर्दूला तडजोड करावी लागली, हे मी मान्य करतो. म्हणून दुसरा नियम : पुढच्या वर्षी बांधणी उजवीकडून, तेव्हा एका पानात संपवायची पाळी मराठीची. मुलांना हे लगेच पटलं. खेळात बाजू बदलतात तसं.

अक्षराच्या आकाराचंही तसंच. देवनागरी शिरोरेषेला धरून सरळ चालते, नस्तालीक उजवीकडून डावीकडे उतरत जातं आणि त्याला उंची लागते. दोन्ही एकाच मापात लिहिलं की उर्दू बारीक दिसतं. समानता मापात नाही, डोळ्यांत असते. म्हणून उर्दू थोडं मोठं लिहिलं आणि ओळींमध्ये जागा जास्त सोडली. कुणी विचारलं, उर्दूला मोठं अक्षर का? त्याला पान हातभर लांब धरून दाखवलं.

विभागांची नावं मुलांनी ठेवली. 'गद्य विभाग', 'पद्य विभाग' काढून टाकले. त्याऐवजी 'हसायला', 'घाबरायला', 'आमच्या गल्लीतलं', 'घरी विचारून लिहिलेलं'. वाचणाऱ्या मुलाला गद्य हवं की पद्य हे ठाऊक नसतं. हसायचंय की घाबरायचंय हे मात्र ठाऊक असतं. मुख्याध्यापकांचं निवेदन होतं, शेवटच्या पानावर. त्यांनी स्वतःच सांगितलं, "मला 'घाबरायला'मध्ये टाका." ते छान माणूस होते.

खरी गंमत आणि खरं शिक्षण झालं नावं लिहिताना. उर्दूत ज या उच्चाराची चार अक्षरं आहेत, ज़ाल, ज़े, ज़ाद, ज़ोए. मराठीत आली की सगळ्यांचा एकच 'ज'. उलट, मराठीतल्या ळ आणि ण यांना उर्दूत घर नाही. काळे आडनावाची एक मुलगी उर्दूच्या रकान्यात आपलं नाव वाचून घेत होती. "काले?" ती चिडली. "माझा ळ कुठे गेला?" उर्दूच्या मुलीनं समजावलं, "हमारे पास हैच नै. लाम ले ले." दुसऱ्या दिवशी मराठीच्या मुलीनं तिला ळ काढायला शिकवला. तिनं तो वहीच्या शेवटच्या पानावर चाळीस वेळा गिरवला होता. गेली कित्येक वर्षं मी दोन्ही वर्गांना भाषिक सलोख्यावर निबंध घालत होतो. त्या निबंधांतून हे झालं नव्हतं.

यात गमतीपलीकडची गोष्टही आहे. आमच्या मुलांची नावं कागदावर चुकतात, हे काही लहान दुखणं नाही. प्रवेश निर्गम उताऱ्यावर एक, आधारवर दुसरं, बँकेच्या पासबुकात तिसरं. शिष्यवृत्तीचा अर्ज यात अडतो, दाखला अडतो. २०१९-२० च्या त्या हिवाळ्यात नागरिकत्वाच्या कागदांची चर्चा सुरू झाली, तेव्हा पालक जुने दाखले घेऊन माझ्याकडे यायचे : "सर, इसमें काना बराबर है क्या, देखो." तेव्हा मला आमची अनुक्रमणिका आठवायची. तिथे प्रत्येक मुलानं आपलं नाव स्वतः दोन्ही लिप्यांत तपासलं होतं, आईवडिलांना विचारून आणलं होतं, मग शाईनं पक्कं केलं होतं. आपलं नाव कसं लिहिलं जातं यावर आपला हक्क आहे, हे नागरिकशास्त्राच्या कुठल्याही धड्यापेक्षा त्यांना तिथे कळलं असेल.

यावर एक नेहमीचा आक्षेप येतो. सगळ्यांची नावं द्यायची म्हटलं तर यादी दोन पानं खाते, आणि दर्जाचं काय? निवड मी करतो. नकार देतो, पुन्हा लिहून आणायला लावतो. पण जे घेतलं त्याच्याखाली नाव आहे, तर वर यादीतही नाव पाहिजे. एवढंच म्हणणं आहे. आणि दोन पानं गेली तर जाऊ देत. आठ संदेशांना आठ पानं जातात, तेव्हा कुणी कागद मोजत नाही.

संस्थाचालकांवर माझा राग नाही. इमारत उभी करायला त्यांनी वणवण केली आहे आणि तिचा फोटो अंकात असायला हरकत नाही. आतल्या कव्हरवर असावा. देणगीदारांची नावंही असावीत, त्यांच्याशिवाय अंक निघत नाही. प्रश्न फक्त पहिलं पान कुणाकडे बघतं याचा आहे.

लवकरच पुन्हा वार्षिकांकांचा मोसम येईल. हे वाचणाऱ्यांत शिक्षक बरेच आहेत, म्हणून एक साधी परीक्षा सुचवतो. अंक छापखान्यात पाठवण्याआधी अनुक्रमणिका समोर धरा आणि वरून मोजायला लागा. मुलाचं पहिलं नाव कितव्या क्रमांकावर येतं? आमच्या २०११ च्या अंकात ते आलंच नव्हतं. मागच्या वर्षीच्या छापील अंकात नवव्या क्रमांकावर आलं. अजून आठ नावं वर आहेत. मंडळात माझं बोलणं चालू आहे.